पुढच्या दोन दातांमधली फट

तिला सगळे बत्तिशी म्हणत. समोर 'बत्तिशीताई', पाठीमागे नुसतंच 'बत्तिशी'. नावात थट्टा होती, पण वाकडं काही नव्हतं, कारण बाईचा धंदाच कवळ्या बनवायचा. गंमत अशी, की स्वतः बत्तिशीनं कधी कुणाला बत्तिशी दाखवली नव्हती. हसायची ती ओठ मिटून. मिठाई विकणाऱ्याला जसा गोडाचा कंटाळा येतो, तसं हिचं दातांचं झालं असावं.

घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. खिडकीपाशी लाकडी टेबल, त्यावर गॅसचा छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या वड्या, कानशी, ब्रश आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. भिंतीवरच्या फळीवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले. विजेचं मीटर बघायला आलेला नवा माणूस एकदा त्या फळीकडे बघून दारातूनच म्हणाला होता, "ताई, आकडा तुम्हीच सांगा ना." दोन डॉक्टर तिच्याकडे मापं पाठवत, ती कवळ्या करून परत पाठवे. रस्त्यानं जाताना तिला माणसं दिसतच नसत, तोंडं दिसत. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूनं चावते, त्या गृहस्थांची कवळी दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे आणि वाईट केलेली आहे.

हे काम तिला एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं होतं. त्याच्या दोनच गोष्टी तिनं गाठीशी बांधून ठेवल्या. एक, कवळी तोंडात आहे हे माणूस विसरला म्हणजे आपलं काम झालं. दुसरी, तोंडात केससुद्धा दोरखंडाएवढा लागतो, तेव्हा जिभेला कुठं कड लागता कामा नये. या दुसऱ्या गोष्टीपायी ती गुळगुळीत झालेली कवळीसुद्धा पुन्हा घासत बसे. डॉक्टर म्हणत, "अहो, पुरे आता." ही म्हणे, "तुमच्या जिभेला विचारा, मग पुरे म्हणा."

घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच असत. नवरा लांबच्या लांब मालाचे ट्रक न्यायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. सासऱ्यांनीही जन्मभर तेच केलं होतं, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचा. ती त्यांना बाबा म्हणे. सासरा आणि सून म्हटल्यावर लोक भांड्याला भांडं लागल्याचे आवाज ऐकायला कान टवकारतात, पण या घरात तसं काही झालं नाही. सकाळी चहा ते करत, संध्याकाळी ती. मधल्या वेळात कुणी कुणाला विचारत नसे, की काय चाललंय.

तर हे ड्रायव्हरकाका कविता करत. केबिनमध्ये एकटं बसून रस्त्याकडे बघत राहायचं, आणि गिअर बदलता बदलता एखादी ओळ सुचायची. स्टिअरिंग सोडून लिहिणार कसं? म्हणून लिहायची सवय लागलीच नाही. ओळी तोंडातच राहिल्या. कागदावर एक अक्षर नाही आणि तोंडात मात्र शंभर कविता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. पलीकडच्या रस्त्यावर फर्निचरचं एक गोदाम होतं. तिथं गावातली आपापले धंदे सांभाळणारी माणसं जमत, स्वतःच्या कविता वाचत, कुणी गात, कुणी वाजवत. बत्तिशी तिथं कधी गेली नव्हती. तिच्या लेखी कविता म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि टाळूचं म्हणाल, तर त्याबद्दल तिला त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

बाबांच्या पुढच्या वरच्या दोन दातांमध्ये फट होती. चांगली काडी आरपार जाईल एवढी. ते 'स' म्हणाले की त्या फटीतून बारीक शीळ निघायची. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी कुणाला ऐकू येत नाही, तशी ती शीळही घरात कुणाला ऐकू येत नसे. बत्तिशीला फट मात्र रोज दिसायची. समोर चहा पिताना तिचे हात शिवशिवत. एवढा देखणा माणूस, आणि बरोबर मधोमध ही चूक!

पुढं हिरड्यांनी दगा दिला. एकेक करत बाबांचे दात गेले, आणि ते पुढचे दोन तेवढे शेवटपर्यंत तग धरून राहिले. तेही हलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी काढायचं ठरवलं. काढण्याआधी बत्तिशीनं सवयीनं माप घेऊन ठेवलं. प्लास्टरचा तो जबडा, दोनच दात उभे असलेला, फळीवर शेवटच्या जागी गेला.

मग तिनं बाबांसाठी जी कवळी केली, तशी आजवर कुणासाठीच केली नव्हती. दातांचा रंग अगदी पांढरा नाही, वयाला शोभेल असा किंचित पिवळसर. एक सुळा मुद्दाम जरासा वळवलेला, कारण सगळे सरळ दात असले की माणूस लगेच म्हणतो, खोटे आहेत. हिरड्यांच्या गुलाबीत बारीक शिरा दिसतील इतकं काम. फट मात्र तिनं बुजवली. निसर्गाची चूक सुधारायची संधी पुन्हा कधी मिळणार होती?

बाबांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, "हा कोण गृहस्थ?" मग कपाटातून सफरचंद काढून कचकचून चावलं. आवाज मागच्या खोलीपर्यंत आला. नवऱ्यानं फोनच्या पडद्यावर बापाचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आता लोक तुम्हाला माझा धाकटा भाऊ समजतील." डॉक्टरांनी ती कवळी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. बत्तिशी ओठ मिटून हसत राहिली. त्या दिवसांत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या महिन्याच्या शनिवारी बाबा गोदामात गेले आणि लवकरच परत आले. म्हणाले, "घसा बसलाय." पुढच्या महिन्यात गुडघा दुखत होता. गुडघ्याचा आणि कवितेचा काय संबंध, असं तिच्या मनात आलं, पण ती कामात होती. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी सबबही सांगितली नाही. इस्त्रीचा शर्ट खुंटीला तसाच राहिला. सकाळी दाढी करताना ते ओळी गुणगुणत असत, तेही थांबलं होतं. नळाचं पाणी तेवढं वाहायचं. तिनं दोनदा त्यांची कवळी काढून तपासली. कुठं टोचत नव्हती, कुठं हलत नव्हती. "छान आहेत गं दात," बाबा म्हणत, आणि सफरचंद चावून दाखवत.

मागच्या खोलीची किल्ली झिजली म्हणून ती एक दिवस कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेली. हा किल्लीवाला गोदामात बासरी वाजवायचा, एवढं तिला माहीत होतं. त्यानं किल्ली मशीनला लावली, दोन खाचा पाडल्या, आणि थांबला.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा. रागवायचं की नाही ते मी नंतर ठरवीन."

"काकांची कवळी सैल आहे का हो?"

"माझी कवळी? सैल?" तिचा आवाज इतका चढला, की शेजारच्या चप्पलवाल्यानं मान बाहेर काढली.

"नाही ना? तेच म्हणतो मी," किल्लीवाला शांतपणे म्हणाला. "सैल असती तर बरं झालं असतं."

मग त्यानं सांगितलं. गोदामात एक रीत होती, आधी माणूस, मग सूर. वाद्यं आधी लावून कुणी बसायचं नाही. जो वाचायला उभा राहील त्यानं पहिली ओळ कोरडी म्हणायची. वाजवणाऱ्यांनी त्याचा आवाज ऐकून, तो जिथं असेल तिथं जाऊन त्याला गाठायचं. आणि प्रत्येक संध्याकाळची सुरुवात ड्रायव्हरकाकांनी करायची. पहिल्यांदा जमले तेव्हा लोक खुर्च्या ओढाओढी करत होते, त्यांना गप्प करायला काका उभे राहून म्हणाले होते,

*साऱ्यांनी बसा, सावकाश बसा,*
*सांज अजून सुरू व्हायची आहे.*

तेव्हापासून तीच ओळ सुरुवातीला. त्यातल्या प्रत्येक 'स'ला काकांच्या दातांतून शीळ यायची, आणि त्या शिळेवर किल्लीवाला बासरी धरायचा, बासरीवर फर्निचरवाल्या काकू व्हायोलिन लावायच्या.

"इतकी वर्षं त्याच सुरावर आमचं सगळं उभं होतं," तो म्हणाला. "माझ्याकडे पिशवीभर बासऱ्या आहेत, पण सुरुवातीला कायम एकच. तिची भोकं बघा, झिजून गुळगुळीत झालीत. आणि त्या दिवशी काका उभे राहिले, ओळ म्हणाले, ती बातम्या सांगितल्यासारखी आली. एकदम स्वच्छ. काका थांबले. पुन्हा म्हणाले. स्वतःचाच आवाज ओळखू येईना त्यांना. मग पुढची कविताच आठवेना. 'तुम्ही करा सुरू,' म्हणाले, आणि मागं जाऊन बसले."

"नंतर आठवली असेल."

"मी घराबाहेर भेटलो होतो ना त्यांना. म्हणाले, ओळी शिळेला धरून यायच्या रे, एकीमागून एक. आता दोरी तुटली, मणी कुठं गेले ते सापडत नाहीत." किल्लीवाल्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "कवळी उत्तम आहे, वहिनी. माणूस बंद पडलाय."

ती दातओठ खात घरी आली. राग कुणाचा, ते तिला कळत नव्हतं. किल्लीवाल्याचा म्हणावा तर तो खरं बोलला होता. बाबा खिडकीत बसले होते.

"बाबा, दात आवडले नव्हते तर सांगायचं होतं."

"आवडले गं. न आवडायला काय झालं?"

"आणि कविता?"

बाबा हळूच म्हणाले, "कवळी काढून पण म्हणून पाहिलं. नुसती फुसफुस येते." मग म्हणाले, "तू डोळे फोडून केलंस ते. त्याला मी नावं ठेवू? आणि हे बघ पोरी, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हे जगाचंच आहे. सफरचंद आणि कविता दोन्ही एका तोंडाला कुठून मिळायचं?"

त्यांनी हे हसत सांगितलं. तिला मात्र रडू आलं. ज्या माणसानं शंभर कविता तोंडात सांभाळल्या, त्याच्या तोंडाला तिनं स्वतःच्या हातानं टाळं लावलं होतं, आणि तो माणूस तिचं मन राखायला सफरचंदं चावून दाखवत होता.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती एकटीच गोदामात गेली. दारात फर्निचरवाल्या काकूंनी विचारलं, "वाचता की वाजवता?" नव्या माणसाला तिथं हाच प्रश्न विचारत.

"काहीच नाही," ती ओशाळून म्हणाली.

"मग ऐका. ऐकणारे कायम कमीच पडतात."

गोदामात न विकलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकसारख्या दोन नव्हत्या, आणि प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी लटकत होती. बत्तिशीच्या वाट्याला मखमली गादीची, एक पाय आखूड असलेली आली. लाकडाचा आणि पॉलिशचा वास होता. सुरुवात काकूंनी स्वतःच केली, व्हायोलिनवर. ती चांगली होती, पण लोक काही क्षण दाराकडे बघत राहिले. कुणाची वाट बघताहेत ते तिला कळलं.

पहिली उठली दूधकेंद्रावरची बाई. हिची खालची कवळी तिनंच केली होती, त्यामुळे बत्तिशीनं सवयीप्रमाणे कान लावला. 'श' बरा आहे, 'च' जरा घासतोय. बाई म्हणाली,

*पहाटे मी गाव जागं करते,*
*गावाला वाटतं, सूर्यानं केलं.*

आवाज घोगरा आणि खोल. किल्लीवाल्याची बासरी खाली आली, अजून खाली आली, व्हायोलिन तिच्यामागून आलं, आणि त्या घोगऱ्या आवाजाच्या दोन्ही बाजूंना दोघं जाऊन उभे राहिले. बाईचे खांदे सैल झाले. बत्तिशीच्या लक्षात आलं, की पुढचा 'च' कसा आला ते तिनं ऐकलंच नाही.

मग एक माणूस उठला, बस डेपोत चाकांची हवा तपासणारा. त्याचा आवाज थरथरत होता, एका जागी राहतच नव्हता. कुठल्याही सभेत लोक हसले असते. इथं गिटार वाजवणारी नर्स त्याच्याबरोबर थरथरली. मुद्दाम, जपून. म्हातारा जिना चढताना आपण जसे त्याच्या पावलानं चढतो, तशी. त्याची कविता मेलेल्या बहिणीवर होती, आणि ती संपली तेव्हा त्याचा आवाज थरथरायचा थांबला होता. बत्तिशीला दातखीळ बसल्यासारखं झालं. रोज ज्यांना रस्त्यात बघायची, ज्यांची तोंडं तिला आतून पाठ होती, त्या तोंडांतून हे येत होतं! आपण जबडे मोजले, टाळू मोजली, आणि या माणसांच्या आत एवढं मोठं काही राहतंय याचा आपल्याला पत्ता नव्हता. तिला त्या आखूड पायाच्या खुर्चीत अंग आवरून बसावंसं वाटलं.

घरी जाताना तिला दुसरीही गोष्ट उमगली. इथं कुणी माणसाला वाद्याच्या मापात बसवत नव्हतं. माणूस असेल तसा, वाद्यानं त्याच्या मापाचं व्हायचं. तिचा धंदा तरी दुसरा काय होता? जबडा असेल तशी कवळी. जन्मभर तिनं हेच केलं होतं, आणि जिथं खरं जपायचं तिथंच उलटं करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं फळीच्या शेवटचा प्लास्टरचा जबडा खाली काढला. त्या दोन दातांमधली फट मोजली. किल्लीवाल्याकडून खाचा पाडायची सगळ्यांत बारीक कानस मागून आणली.

"अगं नको," बाबा घाबरून म्हणाले. "इतकं सुंदर काम!"

"बाबा, कवळी काढा."

आपल्याच हातच्या सर्वांत चांगल्या कामावर कानस चालवणं सोपं नसतं. पहिल्या फटकाऱ्याला तिनं डोळे मिटले. मग मात्र थांबली नाही. फट झाली, मोजून अगदी जुन्याएवढी. बाबांनी कवळी बसवली, म्हणाले, "साऱ्यांनी." शीळ नाही. नुसती हवा.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात 'सा' सोडून दुसरं अक्षर ऐकू आलं नाही. तिच्या लक्षात आलं, की दातांच्या मागे टाळूला टेकणारा गुलाबी पत्रा जाड आहे, वारा तिथं अडखळतो. तिनं तो खरवडून पातळ केला. मग शीळ आली, पण मांजराच्या पिल्लासारखी. शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "कुकर बिघडलाय का गं?" दुकान बंद करून किल्लीवाला यायचा, बासरी ओठाला लावून बसायचा. बत्तिशी घासायची, बाबा 'सा' म्हणायचे, किल्लीवाला मान हलवायचा. "वर आहे. अजून. अजून एक हात." आणि एका संध्याकाळी बाबांनी "साऱ्यांनी बसा" म्हटलं आणि बासरी आणि शीळ एक झाली. कुठली कुणाची ते कळेना. किल्लीवाल्यानं बासरी खाली ठेवून डोळे पुसले. बाबा उभेच राहिले. त्यांना एकदम एक अख्खी कविता आठवली, घाटातल्या धुक्यावरची. ती म्हणून झाली तर तिच्या मागोमाग दुसरी आली. पोळीच्या पिठाचे हात घेऊन बत्तिशी स्वयंपाकघराच्या दारात ऐकत राहिली. या घरात एवढी वर्षं हे चालू होतं आणि ती पलीकडच्या खोलीत मेण वितळवत होती.

इथं तिनं हात आवरायला हवा होता. पण बाबा जेवताना सहज म्हणाले, "कड किंचित लागते जिभेला. पण चालेल." चालेल! बत्तिशीच्या शब्दकोशात तो शब्द नव्हता. गोदामाच्या शनिवारी दुपारी बाबा झोपले होते, तेव्हा तिनं कवळी घेतली आणि फटीच्या दोन्ही कडा पॉलिशच्या चाकावर धरल्या. एक हात. मग जिभेला विचारून बघितल्यासारखा आणखी एक. काचेसारखं गुळगुळीत झालं. बाबा उठले, कवळी घातली, शर्टाची बटणं लावत म्हणाले, "बस, आता चहा घेऊ."

त्या 'स'ला तिनं हातातला कप खाली ठेवला. इतक्या दिवसांत तिला कान आले होते. शीळ उतरली होती. केसभरच, पण तोंडात केस केवढा लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अति तिथं माती म्हणतात ती अशी. उरलेलं घासता येतं, घासलेलं परत लावता येत नाही. मेण, साचा, उकळणं, दोन दिवसांचं काम, आणि गोदामाचं दार तासाभरात उघडणार होतं.

"बाबा, मी घाण केली," ती म्हणाली. "कड काढायला गेले आणि सूर उतरला. आज नका जाऊ. पुढच्या महिन्यात मी नवी करून देते."

बाबांनी कान देऊन स्वतःच "सा, सा" करून पाहिलं. "उतरला खरा," ते म्हणाले. "मीही कुठं होतो तिथं राहिलोय? चल, चांगल्या खुर्च्या संपतील."

गोदाम त्या दिवशी भरलं होतं. ड्रायव्हरकाका येणार, हे किल्लीवाल्यानं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. बाबा पुढं जाऊन उभे राहिले. किल्लीवाल्यानं ती झिजलेली बासरी हातात घेतली. बत्तिशीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. तिला भीती वाटत होती ती किल्लीवाल्याचीच, जो गेले कित्येक दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसून बारीकशा चुकीला मान हलवत आला होता.

"साऱ्यांनी बसा, सावकाश बसा,"

शीळ आली. किल्लीवाल्यानं बासरी ओठांशी नेली, आणि तशीच खाली घेतली. त्याला कळलं. काकूंनी व्हायोलिनवरून मान वर केली. नर्सची बोटं गिटारच्या तारांवर थांबली. गोदामात कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. बाबा उभे होते, आणि घरी एवढ्या धीरानं निघालेल्या त्या माणसाचा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करायला लागला होता. बत्तिशीला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, त्यांचं काही चुकलं नाही, चूक माझ्या हाताची आहे.

किल्लीवाल्यानं ती बासरी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. इतक्या वर्षांत सुरुवातीला जी कधी हातातून खाली गेली नव्हती, ती. मग वाकून पिशवी उघडली. एक बासरी काढली, हलकेच फुंकली, ठेवली. दुसरी काढली, ठेवली. तिसरी लांब होती, तिच्यावरची धूळ त्यानं बाहीला पुसली. "काका, परत एकदा," तो म्हणाला, जसं काही दर महिन्याला हे असंच व्हायचं.

"साऱ्यांनी..."

लांब बासरी त्या शिळेपाशी गेली, आणि मिळाली. काकूंनी खुंट्या पिळल्या. एक तार उतरली, दुसरी उतरली. नर्सनं गिटार मांडीवर आडवी घेऊन तारा सैल केल्या. कुणी घाई केली नाही, कुणी हसलं नाही, कुणी बत्तिशीकडे वळून बघितलंही नाही. इतकी वर्षं एका जागी उभं असलेलं सगळं उचलून ती माणसं केसभर खाली येत होती. दुपारी पॉलिशच्या चाकावर तिचा हात जिथं घसरला होता, नेमक्या तिथं. बाबांचा हात बटणावरून खाली आला.

"साऱ्यांनी बसा, सावकाश बसा, सांज अजून सुरू व्हायची आहे," बाबा म्हणाले, आणि सांज सुरू झाली. त्या सुरात त्यांनी धुक्याची कविता म्हटली, मग रात्रीच्या ढाब्यावरच्या दिव्याची, मग एक तिनं कधीच न ऐकलेली, घरी परतल्यावर दार उघडणाऱ्या हातांवरची. ओळीमागून ओळ न अडखळता येत राहिली. केसभर उतरणं ही चूक आहे असं आता गोदामात कुणालाच वाटत नव्हतं. तो सूर होता.

शेवटी लोक चहाला उठले. तिच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई होती, पहिल्यांदाच आलेली, आणि रीत दारातच शिकून आलेली. "काय छान जमलं हो सगळं," ती म्हणाली. "तुम्ही वाचता की वाजवता?"

"वाजवते," बत्तिशी म्हणाली.

"अय्या, काय?"

"कानस," ती म्हणाली, आणि सगळे दात दाखवून हसली.